'ट्वायलाइट'मधल्या त्या चार पानांवरची पेन्सिल खोडू का?

देवघेव_काउंटर (सातारा)
रविवार, ६ जुलै २०२५

नमस्कार. मी साताऱ्यात एका छोट्या वाचनालयात देवघेव काउंटरला बसते. यंदा अकरा वर्षं झाली. सभासद साडेतीनशेच्या आसपास, त्यातले निम्मे पेन्शनर. मराठी कादंबऱ्यांचं कपाट हल्ली दिवसात दोन-तीनदा उघडलं तर उघडतं. पण दाराजवळच्या इंग्रजी कपाटातला एक कप्पा शाळा-कॉलेजच्या मुली रिकामा ठेवतात. स्टेफनी मेयरचे 'ट्वायलाइट'चे चार भाग. पुण्याला राहायला गेलेल्या एका कुटुंबाने २०१३ साली दिलेला संच आहे. बारा वर्षांत पहिला भाग तीनदा बाइंडरकडे जाऊन आला. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवतो ना आपण, त्या चिठ्ठीवर चिठ्ठी चढून आता पाच झाल्यात, कव्हर नीट मिटत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी एका मुलीचे वडील आले. आवाज चढवला नाही, पण फार बेचैन होते. म्हणाले, "माझी पोरगी नववीत आहे. मेलेल्या मुलाच्या प्रेमात पडलेल्या मुलीची गोष्ट ती तिसऱ्यांदा नेतेय. रात्री दोन वाजता लाइट चालू. तुम्ही हे मुलींना देता कसं?" लेखी अर्ज देऊन गेले. आमच्या समितीने मला सांगितलंय की पुढच्या शनिवारी बैठक आहे, तोवर चार ओळींचं टिपण द्या, हे भाग ठेवायचे की काढायचे.

मी स्वतः वाचले नव्हते. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं. तरी पहिला भाग घरी नेला आणि नऊ दिवसांत संपवला. खरं सांगते, रक्तबिक्त येईल म्हणून मन घट्ट करून बसले होते. निम्मं पुस्तक होईपर्यंत एक मुलगी एका मुलाकडे बघतेय आणि तो तिच्याकडे बघतोय, एवढंच. आई-वडील वेगळे झालेली सतरा वर्षांची बेला उन्हातल्या फिनिक्स शहरातून बापाकडे राहायला येते. गावाचं नाव फोर्क्स, वॉशिंग्टन राज्यातलं, कायम पावसात भिजणारं. जीवशास्त्राच्या तासाला तिला एडवर्डशेजारी बसवतात आणि तो टेबलाची कड धरून, श्वास रोखून, तोंड फिरवून बसतो. तिला वाटतं आपला काहीतरी वास येतोय. ते वाचताना माझी नववी आठवली. शेजारचा मुलगा बाक सरकवून बसला की अख्खा दिवस मनाला लागायचा. पुढे कळतं की तो व्हॅम्पायर आहे, म्हणजे माणसासारखा दिसणारा रक्तपिपासू, आणि त्याला तिच्या रक्ताची इतकी ओढ वाटते की स्वतःला आवरायला तो झटत होता. तिला वाटलेला तिरस्कार तिरस्कार नव्हताच. त्या वयात हे वाचलं असतं तर मीसुद्धा तिसऱ्यांदा नेलं असतं.

मग दुसरा भाग, 'न्यू मून', उघडला आणि तिथे अडले. एडवर्ड तिला सोडून निघून जातो, त्यानंतर चार पानं जवळजवळ कोरी आहेत. एका पानावर फक्त 'ऑक्टोबर', पुढच्यावर 'नोव्हेंबर', मग 'डिसेंबर', 'जानेवारी'. दुसरा शब्द नाही. आणि आमच्या प्रतीत ती पानं कोरी राहिलेली नाहीत. पेन्सिलने बारीक बारीक अक्षरात लिहिलंय. 'मलापण.' कुणीतरी 'जून ते सप्टें.' त्याखाली वेगळ्या अक्षरात 'होतं बरं, वेळ लागतो.' एका कोपऱ्यात नुसत्या रेघा, तुरुंगात दिवस मोजतात तशा, पाच-पाचच्या जुड्या, एकूण सदतीस. डिसेंबरच्या पानावर 'आजी गेली', बाकी काही नाही. मी मोजलं, निदान अकरा वेगवेगळी अक्षरं आहेत.

नियम असा की परत आलेल्या पुस्तकातली पेन्सिल काउंटरवरच खोडायची. माझ्या ड्रॉवरमध्ये त्यासाठीच खोडरबर असतं.

तर दोन गोष्टी विचारते. ज्यांनी ही पुस्तकं मुलगी असताना वाचलीत त्यांनी सांगा, वीस वर्षं होत आली तरी हे का सुटत नाही? आणि त्यात मुलींना इजा करणारं काही आहे का? मला टिपणात खरं लिहायचंय. पेन्सिलचंही सांगा.

---

यवतेश्वर
रविवार, ६ जुलै २०२५

ताई, तुमच्या धाग्यावर आधी रडले, मग लिहायला बसले.

मी साताऱ्याचीच, शाहूपुरीची. आता बत्तीस वर्षांची आहे, नोकरीनिमित्त पुण्यात असते. २००९ मध्ये अकरावी सायन्सला होते, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीत सगळं इंग्रजीत आल्यावर वर्गात तोंड उघडायची लाज वाटायची. पुण्याच्या आत्तेबहिणीने पहिला भाग दिला. काळं कव्हर, त्यावर दोन गोरे हात आणि ओंजळीत लालभडक सफरचंद. घरी प्रश्न नकोत म्हणून मी त्याला खाकी कव्हर घालून वर 'फिजिक्स जर्नल' लिहिलं होतं.

तेव्हाचं भारनियमन आठवतंय ना? संध्याकाळचे तासन् तास वीज नसायची. एमर्जन्सी लॅम्प मंद होत जायचा तसं पुस्तक डोळ्यांजवळ यायचं. सुरुवातीला पानाला वीस शब्द अडायचे. डिक्शनरी मांडीवर. शंभराव्या पानापर्यंत डिक्शनरी कुठे ठेवली तेच विसरले. आयुष्यात पूर्ण वाचलेलं ते माझं पहिलं इंग्रजी पुस्तक. यामागे कारण आहे. बेला स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, वाक्यं सोपी, आणि जे मनात येतं ते सगळं सांगते. तिला चालताना ठेच लागते, तिला खेळता येत नाही, तिला वाटतं आपण अगदी साध्या दिसतो. लेखिकेने तिचं रूप फार रंगवलेलंच नाही. त्यामुळे त्या जागी कुणालाही उभं राहता येतं, शाहूपुरीतल्या मुलीलासुद्धा.

आणि पाऊस! मेयरबाईंना असं गाव हवं होतं जिथे ऊन जवळजवळ पडतच नाही, कारण त्यांच्या गोष्टीतले व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत तर चमकतात, लोकांच्या लक्षात येतील. त्या ॲरिझोनात राहायच्या. इंटरनेटवर अमेरिकेतली सगळ्यात पावसाळी जागा शोधली आणि फोर्क्स सापडलं, तीन-साडेतीन हजार वस्तीचं लाकूडतोडीचं गाव. स्वतः न पाहता लिहिलं. आमच्या क्लासचा ग्रुप जुलैत यवतेश्वरच्या घाटात गेला होता, दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, झाडांवरून थेंब टपकत होते, दगडांवर शेवाळ. मैत्रीण म्हणाली, "इथे कुणीतरी उभं असेल." आम्ही पाचजणी गप्प झालो. आम्हाला फोर्क्स परकं कधीच वाटलं नाही. फिनिक्स परकं वाटायचं.

आता इजेबद्दल विचारलंत. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

पहिल्या भागात एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिला बघत राहतो. तिला न विचारता, कितीतरी रात्री. तिला कळतं तेव्हा ती रागावण्यापेक्षा लाजते, की मी झोपेत काही बरळले तर नाही ना. तिसऱ्या भागात तिने जेकबकडे, म्हणजे तिच्यावर प्रेम करणाऱ्या दुसऱ्या मुलाकडे, जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. सोळाव्या वर्षी मला हे प्रेमाचं टोक वाटलं होतं. विसाव्या वर्षी पुण्यात हॉस्टेलला असताना एक मुलगा रोज फाटकासमोर उभा राहायचा. कुणाशी बोलले, किती वाजता आले, सगळं त्याला माहीत. माझ्या मेलचा पासवर्ड त्याने मागून घेतला होता. मैत्रिणी म्हणायच्या, हे बरं नाही. मी म्हणायचे, त्याला काळजी वाटते. दीड वर्ष लागलं मला ते काळजी नाही हे कळायला. एकदा त्याने माझा फोन काढून घेतला आणि मी साताऱ्याची बस पकडू नये म्हणून स्कूटीची चावी खिशात घातली. त्या क्षणी, ताई, मला इंजिनाचा तो प्रसंग आठवला. अक्षरशः पानासकट आठवला. चावी तिथेच सोडून रिक्षाने स्वारगेटला गेले.

म्हणून माझं उत्तर दोन्ही बाजूंनी आहे. पुस्तकाने मला ते प्रेम म्हणून दाखवलं आणि त्याच पुस्तकाने ते ओळखायला एक चित्रही दिलं. पण मधली चार वर्षं माझ्याशी त्यावर बोलणारं कुणी नव्हतं, कारण घरी ते फिजिक्सचं जर्नल होतं. पुस्तकं काढून टाकलीत तर ती पुन्हा खाकी कव्हरात जातील. आता तर फोनमध्ये जातील, तिथे खाकी कव्हरसुद्धा लागत नाही.

पेन्सिल खोडू नका. हात जोडते.

---

दोन_मुलींचा_बाप
सोमवार, ७ जुलै २०२५

त्या वडिलांवर कुणी टीका करू नये ही विनंती. रात्री दोनला लाइट दिसला की काळजात धस्स होतं. माझ्या मोठीने चारही भाग वाचलेत. मी चौथाच चाळला, आणि त्यातलं बाळंतपण वाचून घाबरलो. आतलं मूल आईच्या बरगड्या मोडतंय, असलं वर्णन. अठरा वर्षांच्या मुलीचं लग्न होतं, लगेच मूल. हे तेरा वर्षांच्या पोरीच्या हाती देताना काउंटरवरून एक फोन करता येईल की घरी. बाकी यवतेश्वर यांनी लिहिलंय ते बायकोला वाचून दाखवलं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

---

कराडचे_मास्तर
सोमवार, ७ जुलै २०२५

मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवतो. मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घेतल्यावर त्या जागी दुसरं पुस्तक आलेलं मी पाहिलेलं नाही.

'मेलेल्या मुलाच्या प्रेमात' हे ऐकून समिती दचकेल, तर टिपणात एवढं घाला की हे प्रकरण आपल्याला नवं नाही. रिचर्ड बर्टनने १८७० साली आपली वेताळ पंचविशी इंग्रजीत नेली तेव्हा नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. म्हणजे त्या साहेबाला झाडाला लटकणारा आपला वेताळ आणि त्यांचा रक्तपिपासू एका जातीचे वाटले. माझ्या मते चुकलंच त्याचं. वेताळ रक्त पीत नाही, तो प्रश्न विचारतो. पण नातं जुनं आहे. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला १८९७ चा. आणि नारायण धारपांची 'लुचाई' आमच्या पिढीने पांघरुणात वाचली, ती स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली. तेव्हा आमच्या वाचनालयाने 'लुचाई' काढून टाकली नव्हती.

त्याच किंगने २००९ च्या सुमारास मुलाखतीत स्पष्ट सांगितलं होतं की मेयरला चांगलं लिहिता येत नाही. ते सगळ्यांनी उचललं. त्याच मुलाखतीत तो पुढे असंही म्हणाला की ही बाई मुलींच्या एका अख्ख्या पिढीसाठी लिहितेय, प्रेम आणि शरीराची ओढ त्यांना भीती न वाटता अनुभवू देतेय. ते कुणी सांगत नाही. एडवर्ड लग्नाआधी मर्यादा ओलांडत नाही, तीच पुढे सरकते आणि तो थांबवतो. मेयर धार्मिक मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) घरातल्या, लिहायला बसल्या तेव्हा तीन लहान मुलांची आई. २ जून २००३ च्या रात्री स्वप्नात कुरणात बोलत बसलेली जोडी दिसली, तीन महिन्यांत कादंबरी संपवली. २००५ मध्ये पुस्तक आलं. २ ऑगस्ट २००८ ला चौथा भाग आला तेव्हा एका दिवसात अमेरिकेत १३ लाख प्रती गेल्या. एकूण १० कोटींच्या वर. एवढ्या मुली एकाच वेळी मूर्ख नसतात.

मला खरी बोचणारी गोष्ट वेगळी आहे. मराठीत त्या वयाचं काय आहे? फास्टर फेणे संपला की एकदम मोठ्यांचं कपाट. मधे मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे, २००४ ची, नववीतल्या मुकुंदाला वर्गातली शिरोडकर आवडते त्याची गोष्ट, आणि ती मी दरवर्षी नववीच्या वर्गात वाचून दाखवतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण शिरोडकरला काय वाटत होतं?" मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात ते नाहीच. सगळं मुकुंदाच्या डोळ्यांनी. ते त्या कादंबरीचं बळच आहे, पण त्या मुलीला शिरोडकरची बाजू हवी होती, आणि ती तिला फोर्क्समध्ये जाऊन वाचावी लागते. 'शाळा'च्या शेजारी शिरोडकरने सांगितलेली एक 'शाळा' असती तर ताई, तुमचं मराठी कपाटही दिवसातून वीसदा उघडलं असतं. कुणी लिहीत असेल तर लिहा हो. मी वाट बघतोय.

---

अकरावी_ब (सांगली)
मंगळवार, ८ जुलै २०२५

मी सोळा वर्षांची आहे. सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

माझ्या ताईकडे चारही भाग होते. २०१९ च्या पुरात आमचं खालचं घर पाण्यात गेलं, पुस्तकं कपाटात फुगून बसली, कपाटाचं दार उघडेना. बाबांनी गच्चीवर वाळत घातली. पहिला आणि चौथा गेला, तिसऱ्याची पानं वेफर्ससारखी झाली पण वाचता येतात. मी 'ट्वायलाइट' तिसऱ्या भागापासून सुरू केलंय. त्याला अजून कृष्णेच्या गाळाचा वास येतो.

आम्हाला कळतं हो की एडवर्ड चुकतो. आमच्यात यावरूनच भांडणं होतात. मला जेकब आवडतो, मैत्रिणीला एडवर्ड, आणि तिसरी म्हणते बेलाने कुणालाच न निवडता कॉलेजला जायला हवं होतं. २०२० मध्ये मेयरने एडवर्डच्या बाजूने पहिलाच भाग पुन्हा लिहिलाय, 'मिडनाइट सन'. तो वाचल्यावर एडवर्डवाली मैत्रीणसुद्धा म्हणाली, हा मुलगा सारखा इतरांच्या डोक्यात डोकावतो, मला नको.

जेकब ज्या क्विल्यूट जमातीचा दाखवलाय ती अमेरिकेतली खरी आदिवासी जमात आहे, समुद्रकाठी ला पुश नावाच्या गावात राहते. त्यांच्या गोष्टी, त्यांचं नाव वापरून एवढी पुस्तकं, सिनेमे आले, त्यांना त्यातलं फारसं मिळालं नाही. त्यांची शाळा त्सुनामीच्या पट्ट्यात होती, उंचावर हलायला जमीन हवी होती. २०१२ मध्ये अमेरिकेत त्यासाठी कायदा झाला. पूर बघितलाय म्हणून मला ते वाचताना फार जवळचं वाटलं. मला हे जेकबमुळे कळलं, शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मी परत परत वाचते कारण बेलाचं कुणीतरी नीट ऐकून घेतं. ती बोलते तेव्हा एडवर्ड फोन बघत नाही.

काउंटरवाल्या मावशी, तुम्ही घरी फोन केला असता तर मी परत आले नसते. तुम्ही स्वतः वाचलंय हे कळलं असतं तर बोलले असते.

---

देवघेव_काउंटर (सातारा)
रविवार, १३ जुलै २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली.

चार ओळींचं टिपण दोन पानी झालं. यवतेश्वर, तुमचं नावगाव काही न सांगता रात्रीच्या खोलीचा आणि इंजिनाचा प्रसंग मी लिहिला, आणि पुढे लिहिलं की याबद्दल मुलींशी बोलायची जागा वाचनालयात असावी. मास्तर, बर्टन आणि 'लुचाई' वाचल्यावर आमचे अध्यक्ष एकदम खुलले, धारपांची पारायणं केलेले निघाले. पुस्तकं राहतायत. चौथा भाग सोळा वर्षांखालच्या मुलींना देताना काउंटरवर आधी दोन मिनिटं बोलायचं, फोन करायचा नाही, असं ठरलं. एक सदस्य शेवटपर्यंत नाही म्हणत होते, त्यांचं मत इतिवृत्तात नोंदवलंय.

ते वडीलही आले होते. मी त्यांना पहिला भाग वाचायला दिला. नको म्हणाले, इंग्रजी जमणार नाही. मग त्यांची मुलगी, ती दाराशीच उभी होती, म्हणाली, "मी सांगते ना गोष्ट." दोघं पायऱ्या उतरून गेले. पुढे काय झालं मला माहीत नाही, गुरुवारी ती पुस्तक बदलायला येईल तेव्हा कळेल.

अकरावी_ब, मावशी म्हणालीस, बरं वाटलं. काउंटरवर 'मी हे वाचतेय' अशी पाटी उभी केलीय, त्यात सध्या 'न्यू मून' आहे. कालपासून दोघींनी विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत आलात?"

पेन्सिल खोडलेली नाही. पण एक अडचण आली. याही प्रतीची शिवण सुटलीय आणि बाइंडरकडे पुस्तक गेलं की पुठ्ठा घालताना तो तिन्ही कडा मशीनवर कापून सरळ करतो. सदतीस रेघा आहेत त्या अगदी कडेला आहेत, पाव इंच गेला तरी निम्म्या जातील. म्हणून आज रविवार असून स्वतः पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. ती चार पानं उघडून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं, डिसेंबरचं पान जरा जास्त वेळ. म्हणाले, कड कापत नाही, हाताने शिवतो, पण चार दिवस लागतील. चालेल म्हटलं.